वाचायला 6,000 कोटी, बोलायला 40 मिनिटं: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात राज्यातल्या एका विद्यापीठात पीएच.डी.ची ऑनलाइन मौखिक परीक्षा 40व्या मिनिटाला बंद पडली. बहिःस्थ परीक्षक परदेशात, उमेदवार तिसऱ्या आलेखावर, आणि मध्येच मीटिंग संपल्याची पाटी. व्हिडिओ मीटिंगच्या सॉफ्टवेअरच्या सशुल्क परवान्याची मुदत 31 मार्चला संपलेली. नूतनीकरणाची फाइल ‘तीन दरपत्रके जोडलेली नाहीत’ असा शेरा घेऊन लेखा विभागात निवांत पडलेली. मग फुकटचं खातं, आणि फुकटच्या खात्याला 40 मिनिटांची मर्यादा. ज्या वस्तूचा विक्रेता एकच आहे तिची तीन दरपत्रकं कुठून आणायची, हे आपल्या विभागाने एकदा परिपत्रक काढून कळवावं ही नम्र विनंती. पत्रातला नम्र भाग इथे संपला.

परवाना हे दुखणं छोटं आहे. तो असतानाही आमची स्क्रीन गोठते, आवाज तुटतो, आणि ‘नेट स्लो आहे’ असं सांगून आम्हाला वाटेला लावलं जातं. नेट स्लो नाही. शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या केंद्राच्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्यातून विद्यापीठांपर्यंत 1 जीबीपीएसच्या जोडण्या आल्या, त्याला दशक उलटलं. एका स्क्रीन शेअरला पूर्ण एचडीत फार तर 3 एमबीपीएस लागतात, आवाजाला 40-50 केबीपीएस पुरतात. मग अडतं कुठे? फायरवॉलमध्ये, म्हणजे कॅम्पसच्या जाळ्याच्या वेशीवरल्या पहारेकऱ्यात.

माहिती छोट्या पाकिटांतून जाते, आणि ती पाठवण्याच्या दोन रीती आहेत: यूडीपी आणि टीसीपी. चित्र आणि आवाज यूडीपीने जातात. त्यात एखादं पाकीट हरवलं तर ते सोडून पुढचं येतं, आवाजात बारीकशी खरखर ऐकू येते, बस्स. आपल्या पुष्कळ कॅम्पसांत ‘सुरक्षेसाठी’ यूडीपी सरसकट बंद असतं. मग सॉफ्टवेअर नाइलाजाने टीसीपीच्या 443 पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, उतरतं. तिथे हरवलेलं पाकीट परत येईपर्यंत मागची अख्खी रांग थांबते. एसटीच्या दारात एकजण सुट्या पैशांवरून कंडक्टरशी वाद घालतो आणि मागचे चाळीस प्रवासी उन्हात उभे राहतात, तसं. शंभरातली दोन पाकिटं हरवली तरी बोलणं अवघड होतं. जित्सी या मीटिंगच्या मुक्त सॉफ्टवेअरला यूडीपीचं 10000 हे एकच पोर्ट लागतं, शिवाय थेट वाट बंद असली की मध्ये राहून पाकिटं पोचवणाऱ्या टर्न सर्व्हरसाठी 3478. ऑनलाइन वर्गांच्या बिगब्लूबटनला 16384 ते 32768. फायरवॉलमध्ये दोन-तीन ओळींचा नियम, दहा मिनिटांचं काम. त्यासाठी कुलसचिवांची मान्यता, संगणक समितीची बैठक, आणि कोरम नाही म्हणून ती तहकूब!

बरं, यूडीपी उघडलं तरी आलेखातली तांबडी बारीक रेघ पलीकडे मळकट दिसते. व्हिडिओ दाबताना रंगाची माहिती चार बिंदूंत मिळून एकदाच ठेवतात. चेहऱ्याला ते चालतं, निळ्यावरच्या लाल त्रुटिरेषेला चालत नाही. त्यावर उपाय आहेत. पूर्ण स्क्रीन न देता एकच खिडकी द्यावी. फोर-के मॉनिटर 1920 × 1080 वर आणावा. शेअर करतानाची ‘व्हिडिओसाठी अनुकूल’ ही खूण काढावी, कारण ती असली की सॉफ्टवेअर हालचाल सांभाळतं आणि अक्षरं सोडून देतं. आकडे वाचायचे असतील तर सेकंदाला पाच चौकटी पुरे होतात. लिनक्सवर पडदा रंगवणारी वेलँड ही नवी प्रणाली असेल आणि जुनं अॅप वापरलं तर समोरच्याला फक्त काळा पडदा दिसतो. तेव्हा ब्राउझरमधून शेअर करावं, नाहीतर लॉगिनच्या वेळी एक्स-ऑर्ग ही जुनी प्रणाली निवडावी. आणि दोघांना मिळून नुसता प्रोग्राम बघायचा असेल तर चित्र पाठवायचंच कशाला? एसएसएच या सुरक्षित जोडणीने लांबूनच एका यंत्रावर शिरून दोघांनी टीमक्सचं, म्हणजे वाटून घेता येणाऱ्या टर्मिनलचं, एकच सत्र उघडावं. फक्त अक्षरं जातात, मोबाइलच्या रडतखडत नेटवरही चालतं. हे कुणी शिकवलं? 2020 मध्ये वेबिनारांचा पाऊस पडला, ई-प्रमाणपत्रांनी लोकांच्या फाइली फुगल्या, आणि शिकवलं काय, तर माइक म्यूट कसा करायचा.

आमचं काम गप्पांचं नाही, महोदय. 1 टीबी विदा (डेटा) 100 एमबीपीएसच्या जोडणीवरून हलवायला, वेग कुठेही न पडता, 22 तास लागतात. तेवढ्यात वीज दोनदा जाते. म्हणून विदा जिथे आहे तिथेच ठेवायची आणि लांबून तिची स्क्रीन बघायची, हाच शहाणपणाचा मार्ग. लांबच्या यंत्राची स्क्रीन दाखवणारं व्हीएनसी त्यासाठीच आहे: एसएसएचच्या बोगद्यातून, 5900 हे पोर्ट जगाला उघडं न ठेवता. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहतेय. केंद्राने 2023 मध्ये 2,600 कोटी मंजूर केले. 4 किलोमीटरच्या भुजेत प्रोटॉनच्या रुंदीहूनही कितीतरी लहान फरक मोजणारं यंत्र, आणि त्यावरचे सहकारी चार खंडांत विखुरलेले. शेजारच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयातला विद्यार्थी त्यांच्या मीटिंगला बसेल तेव्हा त्याच्या स्क्रीनवर गुरुत्वीय लहर दिसणार की फिरणारं चक्र?

9 डिसेंबर 1968 रोजी अमेरिकन संगणक संशोधक डग एंगलबार्टने सॅन फ्रान्सिस्कोतल्या मंचावरून 48 किलोमीटरवरच्या सहकाऱ्याबरोबर एकच स्क्रीन वाटून घेतली होती. इथे मुंबई विद्यापीठाच्या कालिन्याहून मंत्रालय त्याच्या निम्म्यावरही नाही.

आणि केवळ राज्याला तरी काय बोलावं! जानेवारी 2021 मध्ये केंद्राने फर्मान काढलं की काही विषयांवरच्या आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषदांना संबंधित केंद्रीय मंत्रालयाची पूर्वपरवानगी हवी. वैज्ञानिक संस्थांनी ओरड केल्यावर फेब्रुवारीत ते मागे घेतलं. केंद्राच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत तीन वर्षांसाठी 6,000 कोटी, वाचायला सुमारे 13,000 संशोधन नियतकालिकं. छान आहे. पण ती वाचून ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलायला आमच्याकडे 40 मिनिटं. तो केंद्राचा पैसा, आमचा नाही, असं आपण म्हणाल. मग आपला पैसा कुठे गेला? स्मार्ट बोर्डांत. उद्घाटनाची फीत कापून झाली की त्यावर खडूने लिहिणारे प्राध्यापकही आहेत, आणि त्यांचा दोष नाही: तो चालू करणारा तंत्रज्ञ कंत्राटी होता, कंत्राट संपलं. शिकवणारे तासिका तत्त्वावर, सर्व्हर बघणारे बाह्यस्रोतातून, कायम काय ते शेरे.

मागतोय ते फार नाही. बिगब्लूबटनच्या एका सर्व्हरला 8 कोर, 16 जीबी मेमरी, रेकॉर्डिंग ठेवायचं तर 500 जीबी डिस्क आणि दोन्ही बाजूंनी 250 एमबीपीएस लागतात. सॉफ्टवेअर फुकट आहे, मुक्त आहे, ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात 2007 मध्ये जन्मलेलं. असे चार सर्व्हर पुण्यात, चार नागपुरात, सगळ्या विद्यापीठांना सामायिक. सोबत यूपीएस, आणि नियमित वेतनश्रेणीवरची चार माणसं. माणसांशिवाय यंत्रं देणार असाल तर यंत्रंही नकोत, गोदामं भरलेली आहेत. आणि तोवर जे परवाने आहेत त्यांची मुदत मार्चअखेर न संपता जूनअखेर संपेल एवढं पाहा. एप्रिल-मे हा मौखिक परीक्षांचा हंगाम असतो, हे लेखा विभागाला कुणीतरी सांगायला हवं.

यावर समिती नेमण्याआधी एक करा. आपल्या माहिती तंत्रज्ञान अधिकाऱ्याला कोणत्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसवा, तिथल्या वायफायवरून जित्सीची मीटिंग उघडायला सांगा आणि क्रोममध्ये शेजारी वेबआरटीसी-इंटर्नल्स हे, मीटिंगची पाकिटं कुठल्या वाटेने जातात ते दाखवणारं, पान लावायला सांगा. चालू जोडणीसमोर ‘रिले’ (म्हणजे आडवाट) आणि ‘टीसीपी’ असे शब्द दिसले, तर यूडीपी उघडण्याची फाइल कुणाच्या टेबलावर किती दिवस आहे, एवढंच विचारा.

कळावे,
राज्यातले काही संशोधक