आयी, तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे

प्रिय आयी,

मराठीत लिहितेय, कारण मनातलं सगळं सांगायला माझी चिनी पुरत नाही. तुम्ही फोनवर भाषांतर करून वाचालच.

चिनीत मावशीच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात. सुझौला नवीन असताना तुम्हाला हाक मारली की मला साताऱ्याची आईच आठवायची. तेव्हा आमच्या संध्याकाळी चार-पाच मराठी घरांपुरत्याच असायच्या. तुम्ही साडेपाचला जेवून खाली चौकात नाचायला जायचात, आमचा कुकर आठला लागायचा. भेट व्हायची ती लिफ्टमध्ये.

लिफ्टमध्येच तुम्ही मला थांबवलंत. आई येणार म्हणून मी तुमच्या चंद्राच्या सणाची मिठाई, गोड सारणाचे युएपिंग, घेऊन चालले होते. सुझौच्या युएपिंगला चिरोट्यासारखे पदर सुटतात, पण त्या पिठात बहुतेक वेळा डुकराची चरबी असते, हे मला ठाऊकच नव्हतं. आई शाकाहारी आहे हे तुमच्या लक्षात होतं. तुम्ही दुकानात फोन करून खात्री केलीत आणि दोन दिवसांनी घरी तेलात मळून केलेले, लाल घेवड्याच्या गोड सारणाचे बारा युएपिंग आणून दिलेत. आयी, त्या बारा युएपिंगचे आभार मी नीट मानलेच नाहीत.

तुमचा चंद्राचा सण बहुधा आमच्या भाद्रपद पौर्णिमेला येतो. २०२५ साली मात्र तुमच्या पंचांगात अधिक महिना होता, आमच्या नव्हता, म्हणून ६ ऑक्टोबरला तुमचं झोंगचिउ आणि आमची कोजागरी एकाच रात्री आली. आमची सगळी मराठी मंडळी, तुमचे लेक-जावई, नातू, सगळे आमच्याच घरी. क्वेइह्वाची फुलं तेव्हा अजून उमलली नव्हती, तर तुम्ही साखरेत मुरवलेल्या फुलांची जुनी बरणी आणलीत आणि आईच्या मसाला दुधात चमचाभर घातलीत. जायफळ, केशर आणि ती फुलं! आईनं दुसरा पेला मागून घेतला. मग खाली तुमच्या मैत्रिणींच्या नाचात ती शिरली, आणि गाणं संपल्यावर तुमचे हात धरून तिनं फुगडी घातली. गुडघे दुखतात म्हणून साताऱ्यात हळदीकुंकवालाही न जाणारी माझी आई.

आता फोन केला की ती आधी तुमची खुशाली विचारते.

युएपिंगचा तो पत्र्याचा डबा रिकामा कसा परत करू? चिरोटे करतेय, साजूक तुपातले. शनिवारी साडेपाचच्या आत घेऊन येते.

तुमची,
पाचव्या मजल्यावरची