वाखाला आधी कॉस्टिक, मग रेझिन

महोदय,

घायपाताचा वाख, म्हणजे पानांतला धागा, काढून त्याचे कंपोझिट (धागा रेझिनमध्ये बसवून केलेले) पत्रे, दारांची पॅनल करा, असा सल्ला जत-आटपाडीकडच्या शेतकऱ्यांना आणि बचतगटांना दिला जातो. कल्पना चांगलीच आहे. पण वाख कापून तसाच पॉलिस्टर रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) घातला, तर पावसाळ्यात पॅनल फुगते, हे सांगायचे राहून जाते.

दोष धाग्याच्या पृष्ठभागात आहे. सेल्युलोजवरचे हायड्रॉक्सिल गट पाणी ओढतात, रेझिनला पाणी वर्ज्य. शिवाय वर मेण आणि हेमिसेल्युलोजचा थर. रेझिन धाग्याभोवती नुसते गुंडाळले जाते, त्याला धरत नाही. नमुना मोडून कड पाहावी. धागे लांब, स्वच्छ उपसून आले असतील तर पकड नव्हती. कडेलगत तुटून अंगाला रेझिन चिकटलेले असेल तर होती.

हा थर काढायचा उपाय असा: 20 लिटर पाण्यात 1 किलो कॉस्टिक सोडा (साधारण 5 टक्के), त्यात 1 किलो वाख, चार तास. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा. सोड्यावर पाणी ओतले तर उकळून अंगावर उडते. हातमोजे, चष्मा हवाच. पिंप प्लॅस्टिकचे घ्यावे, ॲल्युमिनियमला सोडा खातो आणि हायड्रोजन सुटतो. लवकर व्हावे म्हणून 15 टक्क्यांचे द्रावण केले, तर वाखच दुबळा होतो.

सगळ्यात जास्त काम बिघडते ते धुण्यात. लाल लिटमस निळा होतोय तोवर धूत राहावे, शेवटच्या पाण्यात थोडे ॲसेटिक ॲसिड घालावे. उरलेला सोडा पॉलिस्टरची साखळीच तोडतो. नंतर 80 अंशांवर, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवावे. उन्हात वाळलेल्या वाखातही शेकडा 10 च्या आसपास ओलावा असू शकतो.

वाळलेल्या वाखावर सायलेन (धागा आणि रेझिन जोडणारे रसायन) द्यायचे असेल तर पॉलिस्टरला मेथॅक्रिल गटाचे, इपॉक्सी रेझिनला अमिनो गटाचे. काचतंतूंवर मात्र कारखान्यातच सायलेनचा लेप दिलेला असतो. त्यांना सोड्यात बुडवू नये. लेप जातो आणि काचही खाल्ली जाते.

धुणावळीचे तपकिरी पाणी ॲसिडने उदासीन केल्याशिवाय ओढ्यात सोडू नये. आणि प्रशिक्षण देणाऱ्यांनी यंत्राच्या किमतीबरोबर पाण्याचाही हिशेब मांडावा. किलोभर वाखाला सोड्याचेच 20 लिटर लागतात, धुण्याचे वेगळे. टँकरवर दिवस काढणाऱ्या गावाला हे आधी कळायला हवे.

— कंपोझिट व्यवसायातील एक वाचक, कुपवाड (जि. सांगली)