डाव त्याच्यासाठी थांबला पाहिजे

खानापूर,
आषाढ वद्य

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझ्या मित्राला रक्ताचा कॅन्सर झाल्याबद्दलचा तुझा लांबलचक मेसेज आईने वाचून दाखवला, मग रात्री मी एकट्याने पुन्हा वाचला. फोनवर असलं बोलणं होत नाही. इकडे दुकानात गिऱ्हाईक उभं असतं, तिकडे तुझ्या खोलीत पोरं असतात. म्हणून लिहायला बसलो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: सेमिस्टर सोडून यायचं नाही. यायची गरज पडली तर मीच बोलावीन. ‘बेंगळुरूत बसून मी काय करणार’ म्हणतोस, तर करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं कॉम्प्युटरवरचं, म्हणजे तुझ्या हातचंच आहे. त्याचं नाव मात्र या पत्रात घालत नाही. त्याच्या घरच्यांना बोभाटा नकोय. तूही स्टेटसला त्याचा फोटो टाकू नकोस, आणि टाकला असशील तर आजच काढ.

आजाराबद्दल रात्र रात्र नेटवर वाचत बसू नकोस. त्याच्या आईबरोबर, म्हणजे काकूंबरोबर, डॉक्टरांपुढे बसलो तेव्हा मला जे कळलं ते सांगतो. त्याला झालेल्या ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, पांढऱ्या पेशी कच्च्याच वाढत सुटतात आणि बाकीच्या पेशींना जागा उरत नाही. म्हणून हिमोग्लोबिन उतरतं, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट उतरतात आणि जंतूंशी लढणाऱ्या चांगल्या पेशीही कमी होतात. उपचार टप्प्याटप्प्याने चालतात, सगळे मिळून दोन ते तीन वर्षं. हे लांबचं काम आहे, आणि ते त्याला पूर्ण बरं करण्यासाठीच चाललंय. पहिल्या महिन्यात धावपळ करणारे खूप जण भेटतात. पुढच्या वर्षी याच दिवसांत कोण उरेल, त्याची मला जास्त काळजी आहे.

तो तुझ्यावर ओरडला, गेमच्या ग्रुपमधून निघून गेला आणि मग रात्री दोनला ‘सॉरी’ पाठवलं, असं तू लिहिलंयस. त्यातलं निम्मं औषधाचं आहे. उपचारात स्टेरॉइड असतं. त्याने झोप उडते, भूक खवळते, चेहरा सुजतो आणि माणूस उगाच चिडतो. काकू सांगतात, मध्यरात्री उठून भात मागतो. आणखी एक इंजेक्शन आहे, व्हिंक्रिस्टिन. त्याने बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पकड सैल होते. मी त्याच्याजवळ बसलो होतो तेव्हा त्याला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. मी मदत केली नाही, तो लावेपर्यंत थांबलो. आता विचार कर, असल्या बोटांनी तो तुमच्या गोळीबाराच्या खेळात कसा टिकणार? अर्ध्या सेकंदात बटण दाबलं नाही की मेला. चार वेळा मेला, मग तुम्ही पोरांनी त्याला मुद्दाम सोडायला सुरुवात केली. त्याला ते कळलं. मला म्हणाला, “काका, सगळे मला मुद्दाम जिंकवालेत.” ग्रुप त्याने त्यासाठी सोडला.

माझं सांगणं एवढंच आहे, बाळा. त्याच्याशी खेळायचं सोडू नकोस आणि त्याला जिंकवूही नकोस. खेळ बदल. जो खेळ त्याच्यासाठी थांबू शकतो तो खेळ निवड. केमोच्या दिवशी तो खेळणार नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला त्याला तासभर उमेद येईल आणि तेव्हा तू झोपलेला असशील. त्या तासाला त्याच्यासाठी काहीतरी मांडलेलं असायला हवं.

शाळेत असताना तुम्ही दोघांनी दुकानातल्या मशीनवर माइनक्राफ्ट या ठोकळे रचायच्या खेळात येळ्ळूरचा राजहंसगड बांधायला घेतला होता. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून झाला की लगेच कॉम्प्युटरवर दुसरा. येळ्ळूरला जाऊन बुरुजांचे फोटो काढून आणले होते, सिद्धेश्वराच्या देवळाच्या पायऱ्या मोजल्या होत्या. दहावीच्या वर्षी ते अर्धवट राहिलं. तो गड पुन्हा काढा. त्यात घाई नाही, पीसफुल मोडवर ठेवलं की कोणी अंगावर येत नाही, एक दगड लावून झोपी गेलं तरी चालतं.

आता यातलं तांत्रिक. खेळातलं गडाचं जग तुझ्या लॅपटॉपवर असेल तर तू लॅपटॉप बंद केलास की त्याचा दरवाजा बंद. म्हणून दुकानातल्या जुन्या मशीनवर मी सर्व्हर टाकतोय. दोन माणसांना त्याचा रॅम भरपूर होतो. तुम्ही दोघं खेळाच्या एकाच आवृत्तीचे, जावा एडिशनवाले, त्यामुळे तोही प्रश्न नाही. अडचण एकच: आपल्या ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी नाही, कंपनी एकाच पत्त्यामागे अनेकांना बसवते, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडून उपयोग होत नाही. म्हणून तिन्ही मशीनवर एक लहानसा व्हीपीएन घालू, म्हणजे ती एकाच नेटवर्कवर असल्यासारखी बोलतील. व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे आत येऊ द्यायच्या यादीत, फक्त तुमची दोन नावं. पावसात आपल्याकडे लाइट कितीदा जाते तुला माहीत आहे, म्हणून मशीन आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतलेत. बॅकअप रोज रात्री आपोआप होईल, ती स्क्रिप्ट तू लिहून दे.

त्याच्याकडचा लॅपटॉप चालण्यासारखा नव्हता. माळ्यावर एक बरा पडला होता, तो काढला. आपल्याकडच्या दमट हवेत बंद मशीनच्या आत काय होतं ते तू पाहिलंयस, पंख्यात धुळीची गादी आणि झाकणाच्या कडेला बुरशी. धडधाकट माणसाला त्याचं काही नाही. त्याच्या पांढऱ्या पेशींचा काउंट कमी, त्याला मात्र बुरशी म्हणजे संकट. म्हणून सगळा खोलला, मागच्या अंगणात नेऊन ब्लोअर मारला, पंखा नवा घातला, थर्मल पेस्ट बदलली. कीबोर्डची एकेक पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. वर धुता येणारं सिलिकॉनचं कव्हर बसवलं, काकू ते रोज पुसतात. हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. आता आवाज नाही, मांडीवर फारसा तापत नाही, झाकण उघडलं की सुरू. माउस हलक्या क्लिकचा दिलाय. दुकानात एवढ्या वर्षांत इतकी मशीनं खोलली, पण हे काम करताना हात वेगळे चालत होते, एवढं लिहितो.

ज्या दिवशी माउसही नको वाटेल त्या दिवसासाठी लीचेस या वेबसाइटवर पत्रव्यवहारी बुद्धिबळ लावा. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि एका चालीला चौदा दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते. चाल पाठवायची आणि वाट बघायची. ‘कसा आहेस’ हे त्याला दिवसातून वीस जण विचारतात. तू उंटाची चाल पाठव.

दुसरं काम प्लेटलेटचं. पहिल्यांदा मागणी आली तेव्हा तुझे सगळे मित्र एकाच दिवशी रक्तपेढीत जाऊन उभे राहिले. पोरांचं मन मोठं, मला भरून आलं. पण काढलेल्या प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यासुद्धा २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात. सगळ्यांनी सोमवारी दिल्या तर पुढच्या बुधवारी कोण देणार? म्हणून तू एक शीट कर: नाव, रक्तगट, फोन, शेवटचं कधी दिलं, पुढे कोणत्या आठवड्यात मोकळा. मशीनवर प्लेटलेट द्यायला दीड-दोन तास जातात हे आधीच सांग, नाहीतर पोरगं कामावरून तासाभराची सुट्टी काढून येतं. आणि ॲस्पिरिन घेतली असेल तर तीन दिवस थांबायचं, हेही शीटच्या वरच लिही. त्याच शीटच्या दुसऱ्या पानावर काकूंना बेळगावला कोण सोडणार, डबा कोणाकडचा, हे घाल. हे काम बेंगळुरूत बसूनच नीट होतं. इथल्या माणसाला धावायचं असतं, हिशेब ठेवायला वेळ नसतो.

मग कागदपत्रं. त्यांचं कार्ड बीपीएलचं आहे. ‘आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक’ योजनेत अशा कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. अर्ज आणि पत्रं कन्नडमध्ये येतात, रिपोर्ट इंग्रजीत, आणि काकूंना वाचता येतं मराठी. एका कार्यालयात त्यांना एका कागदासाठी दोनदा परत पाठवलं, आणि काय कमी आहे ते समजेल असं कोणी सांगितलं नाही. सीमाप्रश्नावर माझं मत तुला लहानपणापासून माहीत आहे आणि ते तसूभर बदललेलं नाही. पण इथे पोराच्या औषधाचा प्रश्न आहे. तुझं कन्नड माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. कागद आला की काकू फोटो पाठवतील, तू वाचून मराठीत आवाज रेकॉर्ड करून पाठव. लिहून नको, बोलून. त्यांना तुझा आवाज ऐकून बरं वाटतं.

एक वाचलेलं सांगतो, तुला आवडेल. कॅन्सर झालेल्या तरुण मुलांसाठी अमेरिकेत ‘री-मिशन’ नावाचा व्हिडिओ गेम केला होता. खेळणारा एका छोट्या यंत्रमानवाच्या रूपात शरीरात शिरून पेशींशी लढतो. ३४ रुग्णालयांतल्या ३७५ मुलामुलींवर त्याचा अभ्यास झाला आणि तो २००८ साली बालरोगांच्या एका मोठ्या नियतकालिकात छापून आला. खेळणाऱ्यांनी घरची औषधं जास्त नियमित घेतली. हे मी का सांगतोय, तर त्याचा शेवटचा टप्पा घरच्या गोळ्यांचा आहे आणि तोच सगळ्यांत लांब. केस परत येतात, माणूस कॉलेजला जातो, बरं वाटतं आणि गोळी राहून जाते. तेव्हा तू रोज रात्री गडावर ये म्हणशील आणि त्याआधी ‘गोळी झाली का?’ विचारशील. आईबापाने विचारलं तर तो चिडेल, तुझ्यावर नाही चिडणार.

परीक्षा झाली की ये. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट आताच काढ, सणाच्या दिवसांत मिळत नाही. पण निघायच्या आधी दोन दिवस घसा खवखवला किंवा शिंक आली तरी त्याच्याकडे जायचं नाही, सरळ घरी यायचं. त्याला ताप म्हणजे साधा ताप नाही. १००.४ च्या वर काटा गेला की मध्यरात्र असो वा पाऊस, थेट रुग्णालय गाठायचं असतं, त्यासाठी माझ्या गाडीची टाकी भरलेली असते. बेळगावात उतरल्यावर त्याच्यासाठी कुंदा घेऊ नकोस, काउंट कमी असताना बाहेरचं खाणं त्याला बंद आहे. काकांसाठी घे, त्यांचं जेवण कमी झालंय. भेटलास की हात धू, मास्क लाव आणि तोंडाकडे टक लावून बघू नकोस. केस गेलेत, गाल सुजलेत, त्याला ते माहीत आहे. नेहमीसारखा “काय करालास बे?” म्हणून बस.

तुला रडू येतं म्हणून लिहिलंयस. येऊ दे. मला फोन कर, कितीही वाजता.

गडाच्या जगाचा फोल्डर तुझ्या जुन्या पेन ड्राइव्हवर असेल, नाहीतर ईमेलमध्ये शोध, तू तेव्हा मला पाठवला होतास असं आठवतं. सापडला की लगेच पाठव. शनिवारी दुकान लवकर बंद करून सर्व्हरवर चढवतो. त्याला मी शब्द दिलाय.

तुझा,
पप्पा