दोन भाषा, पण शेजारणी नकोत

नागपूर,
18 मे

प्रिय चिऊ,

बारावीनंतर काय करणार हे मी फोनवर टाळलं, म्हणून तू रागावलीस. टाळलं ते ठरलं नव्हतं म्हणून. आता बरंचसं ठरलंय. बाहेर ऊन असं आहे की दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. कूलरसमोर बसून सगळं सविस्तर लिहिते.

मला बी.ए. करायचंय, दोन परकीय भाषा घेऊन. फ्रेंच आणि जपानी.

आधी माझ्या मनात फ्रेंच आणि स्पॅनिश होतं. एका सल्लागारांनी सांगितलं होतं, दोन्ही लॅटिनच्या मुली, एक आली की दुसरी अर्धी आलीच. पटलं. डिसेंबरात दोन्हींचे वर्ग एकदम लावले. तिसऱ्या आठवड्यात अशी वेळ आली की 'आणि' म्हणायला तोंड उघडलं की फ्रेंचचं 'ए' यायला हवं तिथे स्पॅनिशचं 'ई' येई. शब्द आठवत नव्हते असं नाही. दोन्ही आठवायचे, पण कुठला कुणाचा ते कळायचं नाही. एका संध्याकाळी वर्गातून निघून व्हरायटी चौकापर्यंत रडत चालत आले. आईलाही हे सांगितलेलं नाही.

मग लक्षात आलं, हे तर आपल्याकडे रोजच होतं! आपण सिताबर्डीवर भाव करतो हिंदीत, घरी बोलतो मराठीत, आणि दोन्ही एकमेकींत शिरतात. तू पुण्याला गेलीस तेव्हा तुझ्या 'मी येऊन राहिली'वर वर्गातल्या मुली हसल्या होत्या, आठवतं? ते 'राहिली' हिंदीच्या 'रही'सारखंच आहे ना? मराठीत ते पुस्तक आणि हिंदीत 'मेरी पुस्तक', ही अडखळ तर शाळेत सगळ्यांचीच होती. मला त्याची लाज वाटत नाही, ती आपल्या गावची बोली आहे. पण यातून मला एवढं कळलं की शेजारच्या दोन भाषा एकदम शिकायला घेतल्या की त्या एकमेकींच्या घरात जाऊन बसतात. लांबच्या दोघींना तशी सवड मिळत नाही.

म्हणून जपानी. ती लांबची असली तरी आपल्याला परकी नाही. 'नागुपूरु नि इकिमासु' म्हणजे 'नागपूरला जाते'. 'नि' म्हणजे आपला 'ला', नामाच्या मागेच चिकटतो, आणि क्रियापद शेवटी. इंग्रजीतून जावं लागतच नाही, मराठीतून सरळ उतरता येतं. आणि त्यांची वर्णमाला बघ: अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिकडे गेलाय. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कामठीचं ड्रॅगन पॅलेस विहार, शाळेच्या सहलीत आपण जिथे डबे खाल्ले, ते 1999 साली जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं उभं राहिलं. भदंत सुरेई ससाई तर जपानमधून येऊन नागपूरचेच झाले. म्हणजे ही भाषा आपल्या उंबऱ्यापर्यंत कधीचीच आली होती, आपण दार उघडलं नव्हतं.

फ्रेंच मात्र सोडवत नाही. काटोलची आजी संत्री मोजताना ऐंशीला 'चार विसा' म्हणायची. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे 'कात्र-व्हँ', शब्दशः चार विसा! सत्त्याण्णव म्हणजे चार विसा, दहा, सात. वर्गातली मुलं कपाळाला हात लावत होती आणि मला आजी दिसत होती.

बाबा विचारतात, यानं पोट भरेल का. मी त्यांना इथला मिहान हा औद्योगिक भाग दाखवला. तिथे दसॉ या फ्रेंच विमान कंपनीच्या कारखान्यात फाल्कन विमानांचे भाग बनतात. तिथे नोकरी लागेलच असं मी म्हटलं नाही, पण फ्रेंच माणूस आता नागपूरला येतो एवढं तर खरं. ते गप्प झाले. पटून की थकून, माहीत नाही.

आता योजना. पहिलं वर्ष फक्त फ्रेंच, तेच मेजर, म्हणजे मुख्य विषय. जपानीच्या हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या, प्रत्येकी 46 मूळ अक्षरं, तेवढी घरी गिरवायची. व्याकरणाला हात लावायचा नाही. फ्रेंच ए2पर्यंत, म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत, पक्कं झालं की दुसऱ्या वर्षी जपानी सुरू. जपानीची जेएलपीटी ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरात होते, तेव्हा त्या डिसेंबरात एन5, म्हणजे तिची सगळ्यात खालची पायरी. पण त्या परीक्षेत बोलण्याचा भागच नसतो. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं सगळं तपासतात. म्हणून जपानी बोलायची सोय मला वेगळी करावी लागेल, नाहीतर प्रमाणपत्र हातात आणि तोंड बंद. शिवाय रोजच्या वापरातल्याच 2136 कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं, आहेत, त्या काही पदवीपुरत्या संपणार नाहीत.

अडलंय ते एका ठिकाणी. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला 120 क्रेडिट आहेत. दुसरा विषयही मेजर म्हणून हवा असेल तर त्यातले 40 टक्के त्याचे लागतात, म्हणजे 48. उशिरा सुरू केलेल्या जपानीतून एवढे जमणार नाहीत. मग जपानी मायनर, म्हणजे दुय्यम विषय, ठेवायची, की पदवीच्या जोडीला वेगळा डिप्लोमा करायचा? 2022 पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी आहे, फक्त वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. माझं मन डिप्लोमाकडे झुकतंय. दोन मेजरचा शिक्का नसला तरी चालेल, पण मला जपानी नीट यायला हवी. दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठासाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षाही दिली आहे. तिथे भाषा पहिल्या अक्षरापासून शिकवतात. पण तिथे एकच भाषा खोलवर होईल आणि दुसरी मागे पडेल, याची धास्ती वाटते.

तुझ्याकडे एक काम आहे. तुमच्या पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, परकीय भाषा शिकवतात तिथे. तिथे जाऊन ये. जपानीचे वर्ग सकाळी असतात की संध्याकाळी, आणि कॉलेज सांभाळून मुली ते कसे करतात, हे ऑफिसात विचारू नकोस. बाहेर येणाऱ्या एखाद्या मुलीला विचार. ती दमलेली दिसते का तेही बघ.

माझा हा बेत बाबांपाशी बोललीस तरी हरकत नाही, त्यांना तो सांगून झालाय. फक्त ती व्हरायटी चौकाची गोष्ट तेवढी आपल्यातच.

तुझीच,
मनू