इस्त्रीवाल्या मामांना, बंडूच्या घराबद्दल

मामा, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत निखारे हलवायला लागता, म्हणून लिहूनच काढलं. तुमची लेक वाचून दाखवेल. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण बंडूसारखा मोठा कुत्रा घेऊन पुण्यात भाड्याचं घर शोधणारी मी काही एकटी नाही, आणि घरासाठी कोणाकोणाला विचारावं या यादीत इस्त्रीवाल्याचं नाव कोणी घालत नाही.

कर्वेनगरचा बंगला रिडेव्हलपमेंटला गेला तेव्हापासूनची आमची धावपळ तुम्ही बघितलीच आहे. एजंट लोकांशी माझं बोलणं ठरलेलं असायचं. बजेट किती, व्हेज का नॉनव्हेज, माणसं किती. मी सांगायची, मी आणि आई, आणि एक कुत्रा. "चालेल ना मॅडम, छोटाच असेल?" ग्रेट डेन म्हटलं की पलीकडे शांतता, मग "मालकांना विचारून सांगतो". ते विचारणं अजून संपलेलं नाही. एकाने उंची विचारली. खांद्यापर्यंत बत्तीस इंच म्हटल्यावर "मग फार्महाऊस बघा" असा सल्ला देऊन फोन ठेवला. एका मालकांनी दुप्पट डिपॉझिट मागितलं, वर अट अशी की कुत्रा बाल्कनीतच राहील. साठ किलोचं जनावर, आणि त्यांच्या बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवल्यावर माणूस आडवा होऊन जायचा! ओळखीचे सांगायचे, कोरेगाव पार्क, विमाननगरकडे बघ, तिकडे चालतं. चालत असेलही. तिकडची भाडी माझ्या पगाराला आणि आईच्या पेन्शनला चालत नव्हती.

माझ्याकडे फाइल मात्र जय्यत तयार होती. महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना, रेबीजच्या लसीचं कार्ड, डॉक्टरांचं पत्र, जुन्या मालकांची चिठ्ठी, आणि सगळ्यात वर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं. हे मंडळ १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली स्थापन झालेलं, म्हणजे सरकारी. त्यात स्वच्छ लिहिलंय की सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, आकारावरून किंवा जातीवरूनही नाही. लिफ्ट नाकारता येत नाही. बहुमताने ठराव केला तरी नाही. पण ते झालं सोसायटीचं. घरमालकाने आपला फ्लॅट कोणाला द्यायचा हे त्याच्याच हातात असतं, आणि माझी गाडी अडायची ती तिथेच. मालकाला 'हो' म्हणायला लावणारा कागद कुठल्याच खात्यात मिळत नाही.

तुम्ही ती फाइल बघितलीत, हातही न लावता म्हणालात, "ही पिशवीतच राहू द्या ताई. आधी कुत्रा दाखवायचा. कागद नंतर."

आणि मग तुम्ही जे सांगितलंत ते मी ऑफिसात कितीतरी जणांना सांगून झालंय. तुम्हाला कोणाकडे कुत्रा आहे, कोणाकडे मांजर, हे बेल न वाजवता कळतं. काळ्या पँटीच्या पायाला खालपर्यंत केस असले तर कुत्रा. कुर्त्याच्या पोटापाशी, मांडीवर बसल्यासारखे असले तर मांजर. बी विंगच्या आजींच्या कॉटनच्या साड्यांना निऱ्यांपाशी पांढरे केस चिकटलेले असायचे. पाण्याचा हबका मारायचा, ओला फडका एकाच दिशेने फिरवायचा, की निघतात. दोनेक वर्षांपूर्वी ते केस यायचे थांबले. तुम्ही काही विचारलं नाहीत, त्यांनी काही सांगितलं नाही. त्याच आजींचा पहिल्या मजल्यावरचा दुसरा फ्लॅट दिवाळीपासून बंद आहे, हेही तुम्हाला ठाऊक होतं, कारण तिथल्या पोरांचे शर्ट यायचे थांबले होते. आजींनी एजंटकडे तो दिलाच नव्हता. "त्यांना माणसं बघून द्यायचंय," तुम्ही म्हणालात. मोबाइलवरच्या कुठल्या अ‍ॅपमध्ये हे दिसणार होतं मला?

साड्या पोचवायला गेलात तेव्हा तुम्ही आजींना काय सांगितलंत ते मला अजून पुरतं कळलेलं नाही. मला एवढाच निरोप आला की उद्या पाचला टेबलापाशी या, त्या वेळी गर्दी नसते. बंडूला आधी टेकडीवर नेऊन दमवा. आणि तोंडाला जाळी नको, जाळी बघितली की लोक समजतात चावरा आहे. जेवण घालूनच आणा म्हणत होतात, तेवढं मी ऐकलं नाही. ग्रेट डेनला जेवणाच्या आगेमागे पळवायचं नसतं, पोटाला पीळ पडून जिवावर बेततं. म्हणून वेताळ टेकडीवरून आम्ही उपाशीच आलो.

आजी खाली उतरल्या, दोन हात लांब उभ्या राहिल्या. "अगं बाई, हे तर वासरूच आहे." बंडूने काय केलं ते आठवतंय ना? या जातीला टेकायची फार सवय. माणूस दिसला की सगळं अंग त्याच्यावर सोडून उभे राहतात. तो तुमच्या टेबलाला टेकला. टेबल सरकलं, शर्टांची चळत कलंडली, तुम्ही एका हाताने कोळशाची इस्त्री उचललीत आणि दुसऱ्याने कोणाचा तरी पांढरा सदरा झेललात. माझा जीव घशाशी आला. आजी मात्र हसायला लागल्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बंडोपंत, जरा सरका," आणि तो सरकलासुद्धा! मग आजींनीच हात पुढे केला. खातो काय, भुंकतो का, तुम्ही कामाला गेलात की त्याच्याजवळ कोण, असे रीतसर प्रश्न झाले. आई दिवसभर घरी असते हे उत्तर त्यांना सगळ्यात पटलं. स्वतःच्या कुत्र्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, पण बंडूच्या कानामागे नेमकं कुठे खाजवायचं हे त्यांना दाखवावं लागलं नाही.

फाइल लागली ती पुढे, कमिटीपुढे. एका सभासदांनी मोबाइलवर धोकादायक म्हणून बंदी घालायच्या तेवीस जातींची यादी काढली, २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने काढलेलं ते पत्रक. त्यात ग्रेट डेन नाही, आणि ते पत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्येच रद्द केलंय, हे मी दाखवलं. सेक्रेटरींनी चष्मा लावून २०१५ चं सगळं वाचलं आणि विषय मिटवला. पण खरं सांगू? आजी शेजारी बसल्या होत्या म्हणून त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. शाळेच्या बसच्या वेळी बंडूला खाली न आणायचं मी आपणहून कबूल केलं. पोरं घाबरतात, त्यांची काही चूक नाही.

करार नेहमीसारखाच, अकरा महिन्यांचा, रजिस्टर केलेला. आजींनी त्यात कुत्र्याचं एक कलम घालून घेतलं: दाराला ओरखडे पडले तर पॉलिशचा खर्च आमचा, आणि त्याला गॅलरीत एकटं कोंडायचं नाही. दुसरी अट एका मालकाने घातलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. डिपॉझिट इतरांइतकंच. पहिला मजलाही सोयीचा पडला, एवढ्या वजनाच्या कुत्र्याला रोज चार-चार जिने सांध्यांना झेपत नाहीत आणि वीज गेली की लिफ्टचा भरवसा नाही. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकायचे, म्हणून हॉलभर काथ्याच्या चटया टाकल्यात. दिसायला ध्यान दिसतात, पण तो आता न घसरता उठतो. गणपतीत ढोल सुरू झाले की काय करायचं ते बघू. आजींनी आतली खोली सुचवून ठेवलीय.

एजंटला एक महिन्याचं भाडं गेलं असतं, ते पाकिटात घालून मी तुमच्याकडे आणलं होतं. तुम्ही ते गादीखालच्या इस्त्रीच्या कपड्यासारखं घडी घालून परत माझ्या पिशवीत ठेवलंत आणि म्हणालात, "कपडे माझ्याकडेच टाका, झालं." टाकतेच आहे. काळ्या पँटी आधी झटकून आणायच्या, हा तुमचा नवा नियमही मान्य. तरी घडीत एखादा केस राहिलाच तर बोलून दाखवत जा, दुकानात सगळ्यांपुढे भुवया उंचावू नका. आईने तुमच्यासाठी दोन वेळा डबा पाठवला, तो तुम्ही घेतलात, हे बरं केलंत.

आता एक काम. माझ्या ऑफिसातला एक मुलगा वारज्याला राहतो, लॅब्रॅडॉर आहे, मालकाने महिन्याभरात सोडायला सांगितलंय. मुलगा सरळ आहे, कुत्रा खादाड. त्याला तुमच्याकडे पाठवलंय, संध्याकाळी पाचनंतर. फाइल पिशवीतच ठेव म्हणून सांगितलंय.

आपली,
बंडूच्या घरची ताई, बी विंग, पहिला मजला