तीन घोडे सांभाळणारा चौथा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा लाँग वीकेंडला बॉस्टनहून तीन तास गाडी मारून विल्यमस्टाउनला गेलेलो, तिथे क्लार्क म्हणून म्युझियम आहे. बाबा, तुमची फार आठवण आली. फ्रेडरिक रेमिंग्टन या अमेरिकन चित्रकाराचं 1890 चं एक चित्र बघितलं, जवळपास चार फूट रुंद, अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरचं घोडदळ. सुकलेलं गवत, धूळ, आणि घोडे अक्षरशः आपल्या अंगावर येतायत पण बऱ्याच खोगिरांवर माणूसच नाही! मला वाटलं सगळे मेले की काय.

तर तसं नाहीये. तिकडच्या घोडदळात लढायची वेळ आली की चारातले तिघं खाली उतरून बंदुका घेऊन पायी लढायचे आणि चौथा घोड्यावर बसूनच त्या तिघांचे घोडे धरून मागे सुरक्षित जागी न्यायचा. कारण घोडे गेले की त्या माळरानात संपलंच सगळं. रेमिंग्टनने लढाई सोडून हा चौथाच रंगवलाय. आई, मला एकदम आपली जत्रा आठवली, पाळण्यात बाबा, दादा आणि मी आणि खाली तू, आमच्या चपला, पिशव्या, बाबांचा चष्मा सगळं धरून. तू कधी पाळण्यात बसलीस का गं? मला आठवतच नाही.

बाबा, पायांचं सांगते. तुम्ही चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या मुलांना घोड्याचे पाय गवतात लपवायला शिकवायचात ना :) इथे एकही पाय लपवलेला नाही असं म्हणणार नाही, धूळ आहेच, पण जे दिसतात ते खरे पळणारे. आधीचे चित्रकार पुढचे दोन पाय पुढे नि मागचे दोन मागे असा लाकडी खेळण्यासारखा घोडा काढायचे, मग 1878 ला मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने पळत्या घोड्याचे एकामागोमाग फोटो काढले तेव्हा कळलं की चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. रेमिंग्टनने त्याचा अभ्यास केलेला.

एक मात्र खटकलं, ज्यांच्या जमिनीवर हे सैन्य घुसलं ते तिथले मूळ रहिवासी कुठायत? रेमिंग्टन सैन्याबरोबर अ‍ॅरिझोनात फिरला, मासिकांसाठी चित्रं काढली, त्यामुळे बाजू बहुतेक वेळा सैन्याचीच. तरी घोडे बघून तोंडात बोट गेलं हे खरं.

बिचारा 1909 ला अपेंडिक्सने गेला, फक्त 48 वर्षांचा. म्हणून सांगते बाबा, पोटात दुखलं की ओवा चावत बसू नका, डॉक्टरकडे जा, आणि आई तू पण.

चित्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय, फोन आडवा धरून बघा. डिसेंबरात येतेय तेव्हा प्रिंट आणते, हॉलमधलं ते कॅलेंडर काढून ठेवा.

तुमची,
छकुली