धनुष्कोडीच्या झिऱ्यावरून

रामबाग, इंदूर
दि. २२ फेब्रुवारी २०२६

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

रामेश्वरहून परतल्यावर तुझ्याशी फोनवर बोललो, तेव्हा देवदर्शन कसे झाले हे विचारण्याआधी तू विचारलेस, ‘खड्डा किती खोल होता?’ बडोद्याच्या पाणीपुरवठ्यात ज्याचा जन्म गेला, त्याने हेच विचारावे हे मला अगदी रास्त वाटले. मी ‘कमरेइतका’ एवढेच म्हणालो आणि फोन तुटला. पण त्या खड्ड्याबद्दल एका शब्दात सांगून माझे समाधान होणार नव्हते. गेले दहा दिवस तोच डोळ्यांपुढे आहे, म्हणून सवड काढून हे पत्र लिहायला बसलो आहे.

मी तिकडे गेलो तो आईच्या गंगाजळीसाठी, हे तुला ठाऊक आहेच. काशीहून आणलेली ती तांब्याची लहानशी गंगाजळी आमच्या देव्हाऱ्यात पस्तीस वर्षे तशीच होती आणि तिच्यातील पाणी रामेश्वराला वाहायचे आईच्या हयातीत राहून गेले होते. अहिल्याबाईंनी ज्या गावाहून कारभार करताना दक्षिणेतील देवस्थानांना गंगेचे पाणी पाठवण्याची व्यवस्था लावली, त्याच मुलखातील एका घरची गंगाजळी एवढी वर्षे अडकून पडावी, याची मला मनातून खंत होती. ते काम आता झाले. तिथल्या पुजाऱ्यांमध्ये महाराष्ट्रातून गेलेली घराणी आहेत आणि आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या गुरुजींचा मुलगा आपल्याला समजेल असे, पण जुन्या वळणाचे मराठी बोलतो. प्रयागला न्यायची वाळू सेतूवरून आणावी म्हणून तोच मला धनुष्कोडीला घेऊन गेला, आणि पुढे जे काही मला कळले ते त्याच्या दुभाषेपणामुळेच कळले.

रामेश्वर गावापासून धनुष्कोडी सुमारे २० किलोमीटरवर आहे. वाटेत कोदंडरामाचे देऊळ लागते आणि त्यानंतर बेट इतके निमुळते होत जाते, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी एकदमच दिसू लागते. टोकापर्यंतचा डांबरी रस्ता २०१७ साली झाला. त्याआधी वाळूतून जीपने जावे लागे. डाव्या हाताला पाल्कची सामुद्रधुनी आणि उजव्या हाताला मन्नारचे आखात. तिथले लोक पहिल्याला ‘पेण् कडल’ म्हणजे बाईसमुद्र म्हणतात, कारण तो उथळ आणि शांत आहे, आणि दुसऱ्याला ‘आण् कडल’ म्हणजे पुरुषसमुद्र. मात्र ही नावे बारा महिने खरी ठरत नाहीत. ईशान्येचा वारा सुटला की बाईसमुद्रही खवळतो आणि नैऋत्येचा सुटला की पुरुषसमुद्रात होडी घालवत नाही. दोन समुद्रांमधील त्या चिंचोळ्या पट्टीवर राहणाऱ्यांना एवढी सोय आहे, की एक रागावला तर दुसऱ्याकडे जाता येते, आणि ऋतूप्रमाणे होड्यांची जागा बदलते.

१९६४ सालच्या वादळाविषयी मी वाचले होते, परंतु ती जागा पाहिल्यावर त्याचा अर्थ निराळा झाला. २२ डिसेंबरच्या रात्री पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी धनुष्कोडीच्या अगदी जवळ पोचली असताना लाटेखाली गेली आणि तिच्यातील शंभराहून अधिक माणसांपैकी कोणीही वाचले नाही. एकूण बळी सुमारे १८०० असावेत, असा अंदाज सांगतात. मद्रासहून येणारी बोट मेल १९१४ पासून इथपर्यंत प्रवासी आणत असे आणि इथून आगबोटीने लोक पलीकडे तलैमन्नारला, सिंहलद्वीपात उतरत. स्टेशन, टपाल कचेरी, जकात, शाळा, चर्च असे सगळे असलेले ते एक नांदते बंदर होते. आज स्टेशनच्या काही भिंती आणि चर्चची छत नसलेली वास्तू असे अवशेषच उभे आहेत. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा, त्याच वादळात मोडलेला पांबनचा रेल्वेपूल रेल्वेचे इंजिनीअर ई. श्रीधरन यांनी ४६ दिवसांत दुरुस्त करून पुन्हा चालू केला, हे तू इंजिनीअरिंगला असताना मला किती अभिमानाने सांगितले होतेस! पूल उभा राहिला, गाड्या रामेश्वरला पुन्हा येऊ लागल्या, धनुष्कोडीला मात्र रूळ परत गेले नाहीत. सरकारने ते गाव राहण्यास अयोग्य ठरवले.

आणि तरीही कोळी परत आले. भिंतींच्या अवशेषांपलीकडे, सुरूच्या आणि ताडाच्या झाडांच्या आडोशाला त्यांची वस्ती आहे. ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्या, काहींच्या छपरावर सौर पाट्या, उन्हात पसरलेली मासळी, दारात जाळे विणत बसलेली माणसे. अयोग्य ठरलेल्या जागी पक्के घर मंजूर होत नाही, त्यामुळे झोपडी ही त्यांची आवड नव्हे. तेवढीच त्यांना मुभा आहे. एका म्हाताऱ्यांना मी विचारले, की पुन्हा तसे वादळ आले तर? त्यांनी समुद्राकडे न पाहता जाळ्याकडे पाहत उत्तर दिले, की त्यांचे वडील त्या रात्री याच वाळूत गेले आणि घर उचलून रामेश्वरला नेता येते, पण करैवलै तिकडे नेऊन कुठे ओढायची?

करैवलै म्हणजे काय हे तुला समजावून सांगण्याची गरज नाही, कारण ती आपली रापणच. तुझ्या आजोळी, मालवणच्या किनाऱ्यावर, दिवाळीच्या सुटीत आपण दोघांनी रापणीचा दोर ओढला होता आणि संध्याकाळी हाताला फोड आले होते, ते आठवते ना? इथेही तसेच. होडी अर्धगोल फेरी घालून जाळे टाकून येते, दोराची दोन टोके किनाऱ्यावर राहतात आणि दोन रांगांतील माणसे पाठीमागे रेलून एकेक पाऊल मागे सरत ते जाळे तास-दीड तास ओढत राहतात. त्यांच्या तोंडी ‘एलेलो ऐलसा’ असते आणि सगळ्यांचे पाऊल त्या ठेक्यावर पडते. मी पाहिलेल्या ओढीत थोडी तारली, मूठभर माकूळ, निळ्या नांग्यांचे काही खेकडे आणि बरीचशी बारीक, चपटी, चंदेरी मासळी होती, जी सुकवण्यापलीकडे फारशा कामाची नसते. एवढ्या जणांच्या वाट्याला ते किती येणार? पूर्वी जाळे जड यायचे असे सगळेच म्हणतात आणि खोल पाण्यात तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरांकडे बोट दाखवतात. जे होड्या घेऊन लांब जातात त्यांना निराळी काळजी असते: तलैमन्नार इथून जेमतेम ३० किलोमीटरवर, सरहद्द त्याहून अलीकडे, आणि पाण्यावर कुंपण नाही.

आता त्या खड्ड्याकडे येतो.

दुपारी वस्तीतून चालताना तहान लागली होती आणि माझ्याजवळची बाटली संपली होती. गुरुजींच्या मुलाने एका आजींना हाक मारली. त्याने त्यांना ‘पाट्टी’ म्हटले, म्हणून मीही तेच म्हटले. त्या आम्हांला झोपड्यांच्या मागे, समुद्रापासून शंभर पावलेही नसतील अशा जागी घेऊन गेल्या. तिथे वाळूत एक खड्डा होता, तोंडाशी रुंद आणि खाली निमुळता, बाजू ढासळू नये म्हणून आत बूड कापलेले एक जुने पिंप बसवलेले. आपण नदीच्या वाळूत उकरतो तसा झिराच तो, परंतु इथे नदी नाही. आहे तो सगळा समुद्र. पाट्टी गुडघ्यांवर बसल्या, करवंटीने तळाचे पाणी अलगद उचलले आणि फडक्यातून कळशीत ओतले. मग थांबल्या. वाळूतून पुन्हा पाणी पाझरेपर्यंत त्या नुसत्या बसून राहिल्या. माझ्या ओंजळीत त्यांनी पहिली करवंटी रिकामी केली. मी मनाची तयारी करून तोंडाला लावले आणि विनायक, ते पाणी गोड होते. मचूळ नव्हते, कडवट नव्हते. आपल्या वाड्यातल्या विहिरीला उन्हाळ्यापूर्वी असायचे तसे गोड होते.

मी विचारले, अजून थोडे खोल खणले तर भराभर पाणी येणार नाही का? त्यावर त्यांनी मान जोरात हलवली आणि जे सांगितले ते मुलाने असे उलगडले: ‘खाली समुद्र आहे, त्याच्यावर पाऊस आहे. खालच्याला धक्का लावायचा नाही.’ तू मला पूर्वी एकदा द्वारकेच्या विहिरींबद्दल बोलताना जे १ ला ४० चे प्रमाण समजावले होतेस, ते मला तिथेच, त्या वाळूत उभ्या उभ्या आठवले. पावसाचे पाणी हलके, समुद्राचे जड. वाळूत मुरलेला पाऊस खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. आणि गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा वीतभर वर असली तर तिच्याखाली चाळीस वितींचा गोडा थर असतो. याचाच उलट अर्थ असा, की वरून एक बोट पाणी कायमचे उपसले तर खालचा समुद्र चाळीस बोटे वर चढतो. आपण हे पुस्तकातून शिकलो. पाट्टींना ते करवंटीच्या मापाने माहीत आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्य मोसमी पाऊस जेवढा पडेल तेवढीच त्यांची वर्षाची पुंजी. उन्हाळ्यात झिरा मचूळ होऊ लागला की तो बुजवायचा आणि थोडे सरकून दुसरा खणायचा, असा त्यांचा नियम आहे.

मी हे वाचत असतो तर कदाचित पुढे गेलो असतो, पण ते पाणी माझ्या तोंडात होते. आपल्या लहानपणी इंदुरात उन्हाळ्यात घागरींच्या रांगा लागत, रात्री दोन वाजता नळाला धार येते का हे पाहायला आई मला उठवत असे, आणि १९७८ साली जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून, घाट चढून नर्मदा आली तेव्हा लोकांनी नळाची पूजा केली होती. तेव्हापासून पाणी म्हणजे दुरून आणायची वस्तू, हे माझ्या मनात पक्के बसले. रामेश्वराच्या देवळात बावीस तीर्थांच्या विहिरींतून मी आदल्याच दिवशी न्हालो होतो. प्रत्येक विहिरीचे पाणी निराळे लागले, पण समुद्राच्या काठी ते गोड कसे, हा प्रश्न मला शिवला नव्हता. नाथांनी रामेश्वरासाठी नेत असलेली गंगा तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही गोष्ट मी नातवाला कित्येकदा सांगितली आहे. त्या दुपारी तहानलेला मी होतो आणि पाजणारी दुसरीच कोणी होती. माझ्या पिशवीतली गंगाजळी आदल्या दिवशीच रिकामी झाली होती, त्यामुळे पाट्टींना परत काही द्यावे असे माझ्यापाशी नव्हते. त्यांनी पैसे घेतले नाहीत. मुलाने नंतर सांगितले, की मासळीचे पैसे घेतात, झिऱ्याचे घेत नाहीत.

ज्यासाठी तुला हे सविस्तर लिहिले ते आता मांडतो. रस्ता झाल्यापासून तिथे दिवसभर गाड्यांची रीघ असते. कोळ्यांनी शंखशिंपल्यांची, तळलेल्या मासळीची दुकाने मांडली आहेत आणि त्यांच्या हाती चार पैसे येतात, याबद्दल माझी तक्रार नाही. ते त्यांनी मिळवलेच पाहिजेत. परंतु एवढ्या माणसांना पाणी लागते, त्यांचे सांडपाणी त्याच वाळूत मुरते आणि झिऱ्यापासून हाकेच्या अंतरावर मी प्लास्टिकच्या बाटल्यांचे ढीग पाहिले. उद्या कोणी सद्भावनेनेच तिथे पंप बसवला, तर काय होईल हे तू माझ्यापेक्षा चांगले जाणतोस. पाट्टींच्या मनात तीच भीती आहे. ‘मोटर लावली की पहिल्या वर्षी सगळे खूश होतील,’ असे त्या म्हणाल्या आणि पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

तेव्हा माझी तुला विनंती आहे. खोल बोअर न घेता, उथळ आडव्या चरांतून थोडे थोडे पाणी गोळा करण्याची पद्धत असते असे तू एकदा बोलला होतास; ती एवढ्या अरुंद पट्टीवर चालेल का? की झावळीच्या छपरांवर पन्हळी बांधून पावसाचेच पाणी साठवणे हेच शहाणपणाचे? तू लिहिलेस तर मी ते गुरुजींच्या मुलाला कळवीन. तो तिथल्या शाळेच्या मास्तरांना ओळखतो आणि मास्तर वस्तीतल्यांशी बोलतील.

माझा भाचा पुढच्या आठवड्यात बडोद्याला येत आहे. त्याच्याजवळ दोन बाटल्या देत आहे. पाट्टींनी मला सकाळी पुन्हा बोलावून त्या भरून दिल्या. लाल झाकणाची बाटली पहाटेच्या पहिल्या उपशाची आहे. निळ्या झाकणाची, चार कळशा काढून झाल्यावर तळाला राहिलेल्या पाण्याची. कोणते पाणी किती वाजता घेतले आणि तेव्हा खड्डा माझ्या हातातील काठीच्या मापाने किती खोल होता, ते दोन्हींवर चिकटवलेल्या कागदावर लिहिले आहे. काठी एक मीटरची होती. पाण्यापर्यंत ती जवळजवळ अख्खी आत गेली, वर फक्त चार बोटे उरली. तुझ्या ओळखीच्या प्रयोगशाळेत क्षार तपासून घे आणि दोन्हींतील फरक मला कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच तो असाच राहू द्यावा.

तुझा,
माधव